पत्ते कळून काय होतं?

एकांनी लिहिलंय की ऑनलाइन पोकरमध्ये त्याच टेबलावर बसलेल्या मित्राचे दोन पत्ते फोनवर कळले तरी विशेष फायदा नाही. पटलं नाही. फ्लॉपवर (टेबलावर पहिले तीन पत्ते उघडल्यावर) तुमचा फ्लश ड्रॉ आहे, म्हणजे एकाच रंगाचे, समजा बदामाचे, चार पत्ते जमलेत आणि पाचवा हवाय. ९ आऊट्स, म्हणजे कामाचे ९ पत्ते उरलेत, रिव्हरपर्यंत (शेवटचा पत्ता उघडेपर्यंत) लागायची शक्यता ३५ टक्के. आता त्याच रंगाचे दोन पत्ते मित्राकडे आहेत हे कळलं की ती २९ वर येते, म्हणजे तुम्ही फोल्ड करून (डाव सोडून) पैसे वाचवता, समोरच्याला ही सोयच नाही.

पण खरा घात पत्ते सांगण्यात नाहीच, एकमेकांविरुद्ध न खेळण्यात आहे. २०१० चं पोकरस्टार्स या ऑनलाइन पोकर साइटचं प्रकरण बघा, डबल ऑर नथिंग टेबलं, १० जण बसणार, ५ जणांना दुप्पट पैसे. तिथे पहिलं यायची गरजच नाही, नुसतं टिकायचं, त्यामुळे चीनमधल्या एका टोळीने एकत्र बसून एकमेकांना सांभाळत बाकीच्यांना बाहेर काढलं, आणि हे हुडकलं कोणी तर खेळाडूंनीच, हँड हिस्टरी (खेळलेल्या डावांची नोंद) चाळून! नंतर कंपनीने लोकांना पैसे परत दिले.

म्हणून हँड हिस्टरी सेव्ह करा, तेच दोघं कायम एका टेबलावर आणि एकमेकांना कधीच रेज करत नाहीत (एकमेकांविरुद्ध बोली वाढवत नाहीत) असं दिसलं तर लगेच रिपोर्ट टाका.