मदत हवी आहे: ११ सप्टेंबर २००१ ची माझी आठवण खोटी आहे का?

मंडळी, एक विचित्र घोळ झालाय. ११ सप्टेंबर २००१ ला पहिलं विमान न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरवर आदळताना मी टीव्हीवर लाइव्ह पाहिलं, असं मी इतकी वर्षं छातीठोकपणे सांगत आलोय. खोली, खुर्ची, शेजारी बसलेला भाऊ, सगळं डोळ्यांसमोर आहे. आता कळतंय की पहिल्या धडकेचं थेट प्रक्षेपण झालंच नव्हतं! ते चित्रण नंतर दाखवलं गेलं. लाइव्ह दिसली ती दुसरी धडक, साधारण सतरा मिनिटांनंतरची. वर भाऊ म्हणतो, तो त्या दिवशी घरीच नव्हता.

थोडं वाचलं. १९८६ साली अमेरिकेच्या चॅलेंजर अवकाशयानाचा स्फोट झाला, तेव्हा मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर यांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून ‘बातमी कशी कळली’ ते लिहून घेतलं होतं. अडीचेक वर्षांनी पुन्हा विचारलं तर बऱ्याच जणांची उत्तरं पार वेगळी, आणि खात्री मात्र पक्की. म्हणजे माझंच डोकं फिरलेलं नाही, एवढा दिलासा.

तर प्रश्न असा: तुमच्यापैकी कुणी अशी आठवण जुन्या डायरीशी, पत्राशी, फोटोमागच्या तारखेशी ताडून पाहिली आहे का? काय निघालं? घरातल्या दोघांच्या आठवणी जुळत नसतील, तर कुणाचं खरं हे ठरवायचं कसं? माझ्याकडे त्या दिवसाचा कागदाचा कपटाही नाही. भाऊ मात्र त्याच्या म्हणण्यावर ठाम आहे (तोही तितकाच चुकत असेल म्हणा).