मदत हवी आहे: सर्वेक्षणातले काही फॉर्म घरी बसून भरलेले निघाले, प्रबंधाचं काय करू?

सोनसळी:
नमस्कार मंडळी. इथे पीएचडी झालेले बरेच जण आहेत, काही गाईडही आहेत, म्हणून विचारते. थोडं लांबेल, पण पूर्ण वाचा.

माझा विषय समाजकार्यातला. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांत बायकांच्या आजारपणावर होणारा खर्च आणि त्यापायी मुकादमाकडून उचललेले पैसे. सिनॉप्सिसमध्ये ४०० कुटुंबं लिहिली होती, फॉर्म जमा झाले ४१२. दोन तालुके मी आणि एका मैत्रिणीने केले. तिसऱ्या तालुक्यासाठी आधी एक मुलगी नेमली होती, तिचं लग्न ठरलं आणि ती गेली. मग विभागाने एमएसडब्ल्यूचा एक विद्यार्थी दिला. त्याला फॉर्ममागे पैसे ठरले होते. त्याचे ७४ फॉर्म.

डेटा एंट्री करताना खटकायला लागलं. फॉर्मवर तारीख डिसेंबरची, 'मुलाखतीचे ठिकाण' पुढे 'राहते घर'. आणि त्याच फॉर्मच्या दुसऱ्या पानावर 'यंदा गाव कधी सोडलं?' याचं उत्तर 'दिवाळी झाल्यावर लगेच'. म्हणजे नवराबायको तिकडे कोल्हापूरकडे फडात ऊस तोडतायत आणि त्याच वेळी इकडे ओसरीवर बसून उत्तरंही देतायत! असे २१ फॉर्म सापडले. उरलेल्यांच्या तारखा जुळतात, पण भरवसा वाटत नाही. तीन संमतीपत्रांवर नावं वेगवेगळी आहेत आणि अंगठ्याच्या ठशात तोच तिरपा व्रण आहे, भिंग घेऊन पाहिला.

सरांना दाखवलं. ते म्हणाले, "लिहिलेल्या प्रकरणांचा सिमिलॅरिटी रिपोर्ट, म्हणजे दुसऱ्यांच्या लिखाणाशी जुळणारा मजकूर, आठ टक्के आलाय, दहाच्या आत आहे, यूजीसीच्या नियमात बसतं. हे ७४ काढलेस तर ४०० च्या खाली जाशील, मार्चमध्ये प्री-पीएचडी सादरीकरण आहे. प्रत्येक सर्व्हेत थोडंफार असतंच." सर वाईट नाहीत हो, मला खूप सांभाळून घेतलंय त्यांनी. पण हे पटत नाही.

भरीत भर, याच ४१२ वर बेतलेला एक पेपर जर्नलकडे परीक्षणाला गेलेला आहे. लेखक मी आणि सर.

तर फक्त २१ काढू की सगळे ७४? सिनॉप्सिसमधल्या ४०० चं काय? आणि हे प्रबंधात लिहायचं का, लिहिलं तर किती?

फडतूस_शंका:
ताई, प्रबंध वाचतं कोण? तुम्ही, गाईड आणि दोन परीक्षक, त्यातला एक फक्त प्रस्तावना वाचतो. देशभरातले प्रबंध ऑनलाइन ठेवतात त्या शोधगंगेवर अपलोड झाला की समाधी. एवढा जीव कशाला जाळताय?

निवृत्त_गाईड:
वरच्या प्रतिसादाकडे दुर्लक्ष करा. शोधगंगेवर समाधी लागत नाही, उलट जन्मभर उघड्यावर राहतो आपण. माझ्या हाताखालच्या मुलांचे प्रबंध लोक आजही उघडून मला शंका विचारतात.

आधी तुमच्या सरांच्या आठ टक्क्यांबद्दल. यूजीसीचे २०१८ चे विनियम वाङ्मयचौर्याबद्दल आहेत. दहा टक्क्यांपर्यंत काही नाही. दहा ते चाळीस असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्या. चाळीस ते साठ असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. साठच्या वर गेलं की नोंदणी रद्द. हा सगळा हिशोब दुसऱ्याचं लिखाण आपलं म्हणून खपवण्याचा आहे. मनाने रचलेला आकडा कुठूनच उचललेला नसतो, त्यामुळे सॉफ्टवेअर त्याला शंभर टक्के मूळ समजतं. ७४ च्या ७४ खोटे असते तरी तुमचा रिपोर्ट आठच आला असता. तुम्ही कोर्सवर्कमध्ये रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्सचा दोन क्रेडिटचा पेपर दिला असेल. त्यात फॅब्रिकेशन (आकडे मनाने रचणं), फॉल्सिफिकेशन (खरे आकडे फिरवणं) आणि प्लेजियारिझम (वाङ्मयचौर्य) ही तीन पापं वेगवेगळी शिकवतात. आपल्याकडे तिसऱ्यालाच मोजपट्टी लागली, म्हणून पहिली दोन लोक विसरले.

आता ४०० बद्दल. तो आकडा तुम्ही नमुना केवढा घ्यायचा ते सांगणाऱ्या यामाने यांच्या सूत्रातून काढला असणार. पाच टक्के एरर धरली की लोकसंख्या मोठी असताना उत्तर ४०० च्या आसपास येतं, म्हणून अर्ध्या महाराष्ट्राच्या प्रबंधांत ४०० च असतात. ४०० ला मार्जिन ऑफ एरर, म्हणजे उत्तर इकडेतिकडे होण्याची मर्यादा, ४.९ टक्के पडते. ७४ काढल्यावर तुमच्याकडे ३३८ उरतात, तिथे ती ५.३ होते. एवढ्यासाठी खोटं ठेवायचं? अर्थात हे गणित यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडलेल्या नमुन्याचं. तुम्ही ओळखीओळखीतून कुटुंबं गाठली असतील तर ४०० लाही तसा काही गणिती आधार नाही, मग घाबरायचं कशाला? खरा तोटा वेगळाच आहे. एक अख्खा तालुका बाहेर जातोय. तिथले कारखाने, मुकादम, दवाखान्याचं अंतर वेगळं असेल तर तुमचा निष्कर्ष आता दोन तालुक्यांचा आहे, जिल्ह्याचा नाही. शीर्षकात जिल्हा असेल तर त्याचा विचार आत्ताच करा.

आणि हे तोंडी ठेवू नका. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे जावं लागतं. त्या प्रगती अहवालात लिहा आणि नमुना कमी करायची मान्यता लेखी घ्या. समितीने मान्य केलं की मार्चमध्ये "४०० चे ३३८ कसे?" असं कोणी विचारलं तर कागद पुढे करता येतो.

कावेरीकाठ:
मी वीसेक वर्षं सर्व्हेचं काम करते, आधी एनजीओत आणि आता स्वतंत्र. मला एकच विचारायचं आहे. बायकांच्या आजारपणाचे प्रश्न, म्हणजे पाळी, अंगावरून जाणं, पिशवी काढणं, हे सगळं विशीतला मुलगा एकट्याने जाऊन विचारणार होता? कुठल्या बाईने सांगितलं असतं त्याला? दारात उभं राहून दोन घरं केली असतील त्याने, सासूने हाकललं असेल, मग बसला असेल खोलीवर. फॉर्ममागे पैसे म्हटल्यावर कोणीही तेच करेल. दिवसाची मजुरी द्यायची असते, फॉर्म कितीही होवोत. हे तुमच्या विभागाला सांगा, त्या पोराला फासावर देण्याआधी.

२१ की ७४, याचं उत्तर फोनवर मिळेल. फॉर्मवर नंबर असतीलच. बाकीच्या ५३ मधले पंधरा-वीस चिठ्ठ्या टाकून निवडा. 'हा बरा वाटतो' असं करून निवडू नका. फोन रात्री जेवणं उरकल्यावर करा, दिवसा फडात कोणी उचलणार नाही. तीनच प्रश्न: आमच्याकडून कोणी येऊन बोललं होतं का, घरात माणसं किती, गेल्या हंगामात कुठल्या कारखान्याला होतात. खर्च पुन्हा विचारू नका, तो त्यांनाही तसाच्या तसा आठवणार नाही. 'तुमच्या नावाने खोटा फॉर्म भरलाय' असं फोनवर सांगून घाबरवूही नका. आणि कृपा करून मुकादमामार्फत निरोप धाडू नका. ज्याची उचल डोक्यावर आहे त्याने सांगितल्यावर बाई काहीही कबूल करेल.

घरबसल्या करायची आणखी एक तपासणी आहे. वयाचा रकाना उघडा. आपल्याकडे खेड्यात वय विचारलं की 'असंल तीस-पस्तीस' असंच उत्तर येतं, त्यामुळे खऱ्या सर्व्हेत शून्य आणि पाचावर संपणाऱ्या वयांचा ढीग लागतो. जनगणनेतही लागतो. तुमच्या दोन तालुक्यांत तो दिसेल. रचलेल्या फॉर्मांत बहुधा सत्तावीस, तेहेतीस, एकेचाळीस अशी छान विखुरलेली वयं सापडतील, कारण खोटं लिहिणाऱ्याला वाटतं आकडा नेमका असला की खरा दिसतो.

सोनसळी:
कावेरीताई, आत्ता उघडून पाहिलं आणि अंगावर काटा आला. माझ्या दोन तालुक्यांत निम्म्याहून जास्त वयं तीस, पस्तीस, चाळीस अशी आहेत. त्याच्या ७४ त जेमतेम दहा-बारा.

मुलगा पाठवण्याबद्दल तुमचं बरोबर आहे. प्रश्नावली मंजूर करताना समितीने भाषेवर तासभर चर्चा केली, विचारणार कोण हे कोणी विचारलं नाही.

मेलबर्नकर:
मूळचा लातूरचा, सध्या इथल्या विद्यापीठात आहे. पेपरबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

२०१४ च्या डिसेंबरमध्ये 'सायन्स' या जर्नलमध्ये मायकेल लाकूर आणि डोनाल्ड ग्रीन यांचा एक पेपर आला होता. दारोदार जाऊन बोललं तर समलिंगी विवाहाबद्दल लोकांचं मत बदलतं, असा निष्कर्ष. फार गाजला. दुसऱ्या दोन तरुण संशोधकांनी तसाच अभ्यास करायला घेतला तेव्हा लाकूरचे आकडे जुळेनात. ग्रीन त्यातले ज्येष्ठ लेखक, क्षेत्रात मोठं नाव. आकडे लाकूरनेच आणलेले, ग्रीन यांनी सर्व्हेचा मूळ डेटा पाहिलेलाच नव्हता. पण शंका पुढे आल्यावर पेपर मागे घ्या असं त्यांनी स्वतःच जर्नलला लिहिलं. २०१५ च्या मे महिन्यात पेपर मागे घेतला गेला. ग्रीन आजही सन्मानाने काम करतायत. सरांना ही गोष्ट सांगा, त्यांच्या कामाची आहे.

तुमचा पेपर तर अजून छापलेलाही नाही. आत्ता संपादकांना चार ओळी लिहिल्या तर तो मागे घेता येतो किंवा ३३८ वर विश्लेषण करून पुन्हा देता येतो. छापून आल्यावर हेच काम दहापट अवघड होईल. २०२२ पासून यूजीसीने पीएचडीला पेपर सक्तीचा ठेवलेला नाही, फक्त तुमच्या विद्यापीठाची स्वतःची अट आहे का ते बघा.

संशोधनातल्या प्रामाणिकपणाबद्दल २०१० चं सिंगापूर निवेदन म्हणून एक कागद आहे, चार तत्त्वं आणि चौदा जबाबदाऱ्या. आमच्याकडे सगळे त्याच्या शपथा घेतात. त्यात गैरप्रकाराचा संशय आला तर कळवणं हीसुद्धा संशोधकाची जबाबदारी आहे, आणि कळवणाऱ्याला सांभाळणं ही संस्थेची. दुसरा भाग सगळीकडेच कच्चा असतो, इथेही.

फडतूस_शंका:
बरं, माझे शब्द मागे घेतो. पण प्रॅक्टिकल सांगा. गाईडच्या मनाविरुद्ध गेली आणि त्यांनी सही अडवली तर तुमच्यातलं कोण येणार आहे भांडायला?

निवृत्त_गाईड:
रास्त प्रश्न. म्हणून गाईडच्या विरुद्ध जायचंच नाही, त्यांना बरोबर घेऊन जायचं. त्या मुलाची नेमणूक विभागाची, शोध तुमचा, आणि दुरुस्ती 'गाईडच्या मार्गदर्शनाखाली' झाली असं अहवालात लिहा. हे खोटं नाही, सही त्यांचीच असणार. शिवाय प्रबंधासोबत त्यांनाही प्रमाणपत्र द्यावं लागतं, खोटं बाहेर आलं तर पहिला प्रश्न त्यांना येईल. हे शांतपणे कानावर घाला. बोलणं झालं की त्याच दिवशी ईमेल करा: "आज आपल्याशी झालेल्या चर्चेनुसार..." तक्रारीचा सूर नको, फक्त नोंद.

प्रबंधात किती लिहायचं, तर संशोधन पद्धतीच्या प्रकरणात एक परिच्छेद. साधारण असा:

"एकूण ४१२ प्रश्नावल्या जमा झाल्या. एका क्षेत्र अन्वेषकाकडून आलेल्या ७४ प्रश्नावल्यांपैकी २१ मध्ये मुलाखतीची तारीख व स्थलांतराची नोंद परस्परविरोधी आढळली. उरलेल्यांपैकी चिठ्ठीने निवडलेल्या प्रश्नावल्यांची दूरध्वनीवरून फेरतपासणी केली असता विश्वासार्हता सिद्ध न झाल्याने या अन्वेषकाच्या सर्व ७४ प्रश्नावल्या विश्लेषणातून वगळल्या आहेत. त्यामुळे निष्कर्ष दोन तालुक्यांपुरते मर्यादित आहेत."

अन्वेषकाचं नाव नको. काढायचे तर सगळे काढा. निकाल पाहून वेचून काढले तर तोही एक प्रकारचा खोटेपणाच.

कावेरीकाठ:
फोन केल्याशिवाय हा परिच्छेद लिहू नका हं. आणि त्या मुलालाही एकदा बोलवून विचारा, त्याचं ऐकून घ्या.

एक लक्षात ठेवा, खोट्या फॉर्मपेक्षा ते खोटे अंगठे मोठे. बाईने न दिलेली संमती तिच्या नावावर दाखवली गेली आहे. याच जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीने काम केलं होतं, विधिमंडळापर्यंत विषय गेला. त्या बायकांबद्दल काय लिहिलं जातं त्यावरून योजना ठरतात. तुमच्या विभागात एथिक्स कमिटी असेल तर संमतीपत्रांचा मुद्दा तिथे वेगळा द्या.

सोनसळी:
अपडेट. ज्यांना फोन लागला त्यातल्या बहुतेकींनी 'कुणीच आलं नव्हतं' असं सांगितलं. एकीने मात्र आठवण काढली, "एक पोरगं आलं हुतं, पाणी पिऊन गेलं." मुलाशी बोलले. आधी उडवून लावलं, मग गप्प बसला, मग म्हणाला की बायका बोलतच नव्हत्या आणि विभागाला सांगितलं असतं तर पैसे थांबले असते. हेही अहवालात घातलंय, नावाशिवाय.

सरांनी ७४ वगळायला होकार दिला, समितीपुढे ठेवायलाही. पेपरवर अजून "बघू" चालू आहे. लाकूर-ग्रीनची गोष्ट सांगितली तेव्हा ग्रीन आता कुठे असतात एवढंच विचारलं. संपादकांच्या ईमेलचा मसुदा त्यांना पाठवून ठेवलाय, दोघांच्या नावाने.

शेवटची शंका. हे ७४ फॉर्म आता ठेवायचे कुठे? मैत्रीण म्हणते फाडून टाक, डोक्याला ताप नको.

निवृत्त_गाईड:
अजिबात फाडू नका! तुमच्या निर्णयाचा पुरावा तोच आहे. वेगळ्या लिफाफ्यात घालून सील करा, वर तारीख आणि 'विश्लेषणातून वगळलेले' असं लिहा, विभागात जमा करून पोच घ्या. बायकांची नावं आणि फोन नंबर असलेली पानं मात्र काढून दुसऱ्या लिफाफ्यात कुलपात ठेवा, ती विभागाच्या टेबलावर फिरायला नकोत. स्कॅन तुमच्याकडे असू द्या, पासवर्ड घालून.