धनुष्यासाठी धामण नेमकी कशी ओळखावी?

प्रश्न (राजापूर तालुका)
लाकडी धनुष्य स्वतः घडवावे, अशी फार दिवसांची इच्छा आहे. धामणीचे लाकूड चिवट आणि लवचीक असते, हे वडीलधाऱ्यांकडून ऐकले होते. म्हणून काजूबागेच्या कडेची, दातेरी पानांची एक सरळ काठी गेल्या थंडीत तोडली. सालीचा धागाही लांब निघाला. मात्र सुकल्यावर लाकूड हलके भरले आणि थोडा ताण देताच मोडले. ओळखण्यात चूक कुठे झाली असावी?

उत्तर १ (कुडाळ)
आपली काठी बहुधा केवणीची, म्हणजे मुरुडशेंगेची असावी. धामण आणि केवण या दोन्हींची पाने दातेरी आणि बुडाशी तिरकी असतात, दोन्हींच्या सालीला चिवट वाख असतो. त्यामुळे आपण केलेली सालीची परीक्षा येथे निरुपयोगी ठरते. केवण झुडूपच राहते, तिला तांबडी फुले आणि पुढे पीळ घातल्यासारख्या शेंगा येतात. धामणीचा मात्र वृक्ष होतो. उन्हाळ्यात पानांच्या बगलेत पिवळ्या फुलांचे झुपके येतात आणि नंतर वाटाण्याएवढी फळे धरतात, जी पिकल्यावर काळी होतात व मुले आवडीने खातात. माझे आग्रहाचे सांगणे असे की, फुलावर किंवा फळावर असतानाच झाड ओळखून त्याला सुतळी बांधावी आणि तोडीसाठी पावसाळा सरल्यावर जावे. केवळ पानावर विसंबू नये.

उत्तर २ (संगमेश्वर)
वरील म्हणण्यास दुजोरा देतो. झाड धामणीचेच असले, तरी सालीवरील भेगा खोडाभोवती वळत गेल्या असतील, तर आतील रेषाही पिळलेल्या असतात. असे लाकूड सोडून द्यावे. तोडताच दोन्ही टोकांना मेण लावून ते सावलीत सुकवावे, आणि घडवताना सालीकडची बाजू बाणाच्या दिशेला ठेवून तिच्या रेषा तुटू देऊ नयेत. सरावासाठी माणगा बांबू उत्तम, कारण तो बहुतांशी भरीव असतो.

उत्तर ३ (गुहागर)
अनोळखी झाडावर कोयता चालवण्यापूर्वी बिब्ब्याची ओळख करून घ्यावी, कारण त्याच्या चिकाने अंगावर फोड येतात. देवराईतील फांदीलाही हात लावू नये. झाड स्वतःच्या जागेतले असले, तरी तोडीपूर्वी वनखात्याकडे चौकशी करावी.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनापासून आभार. आज तोडीच्या जागी पुन्हा गेलो, तर शेजारच्या तशाच झुडपावर पिळाच्या वाळक्या शेंगा लटकत होत्या. वरच्या बांधावर तशाच पानांचा एक उंच वृक्ष आहे. त्याला पिवळी फुले येतात का, हे वैशाखात पाहीन.