मदत हवी आहे: पाटल्यांवर ‘९१६ केडीएम’, हॉलमार्क नाही

सासूबाईंच्या जुन्या पाटल्या मोडून तोडे करायचे आहेत. आतल्या बाजूला, फाशाजवळ, झिजलेला ‘९१६ केडीएम’ शिक्का आहे. बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) त्रिकोण नाही, एचयूआयडी हा दागिन्याचा सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांकही नाही (तो २०२१ पासूनचा, त्यामुळे नसणारच). ९१६ म्हणजे २२ कॅरेट, ९१.६ टक्के सोनं, हे ठाऊक आहे. पण केडीएम म्हणजे कॅडमियमचं डाग (सांधे जोडायचा मिश्रधातू), शुद्धतेची सरकारी हमी नव्हे ना?

सराफ म्हणतात, वितळवल्यावरच घट कळेल. मला ते पटत नाही. एकदा आटवलं की बोलायला जागाच उरत नाही. आधी हॉलमार्किंग केंद्रात तपासून घेतलेलं कुणी आहे का? क्ष-किरणांनी शुद्धता मोजणाऱ्या एक्सआरएफ मशीनचा आकडा डागाच्या जागी कमी येतो का? आणि सराफ तो रिपोर्ट मानतात का?

नव्या तोड्यांचा एचयूआयडी मी बीआयएस केअर ॲपवर तपासेनच.