डडी क्रॅविट्झ: आजोबांसाठी केलं, की आजोबांच्या नावावर केलं?

अबोली

कॅनडियन लेखक मॉर्डेकाय रिचलरची 1959 ची कादंबरी ‘द अप्रेंटिसशिप ऑफ डडी क्रॅविट्झ’ दुसऱ्यांदा वाचून संपवली आणि पहिल्या वेळी डडीबद्दल जो कळवळा वाटला होता तो पार उडाला. (पुढे शेवट फुटणार आहे. वाचायची असेल तर इथेच थांबा.)

न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. माँट्रियल, सेंट अर्बन स्ट्रीटची गरीब ज्यू वस्ती, दुसरं महायुद्ध संपल्यानंतरची वर्षं. डडीला आई नाही. बाप मॅक्स टॅक्सी चालवतो आणि ‘बॉय वंडर’ म्हणवणाऱ्या एका गुंडाच्या कथा तोंडाला पाणी सुटेल अशा रंगवून सांगतो. थोरला भाऊ लेनी डॉक्टर व्हायला निघालाय, त्याचा खर्च पैसेवाले बेंजीकाका उचलतात. डडीला जवळ घेणारे एकटे आजोबा, सिम्खा. जमीन नसलेल्या माणसाला जगात कोणी विचारत नाही, असं ते नातवाला लहानपणीच सांगून ठेवतात. पोरगं ते डोक्यात धरतं. पुढे लॉरेन्शियन डोंगरांत त्याला एक तळं दिसतं आणि त्याच्या काठची सगळी जमीन आपली करायचीच, असं तो ठरवतो. करतोही. शेवटचा तुकडा घेण्यासाठी व्हर्जिल या मित्राची खोटी सही करून चेक वटवतो. हा व्हर्जिल म्हणजे फिट येणारा मुलगा. त्याला ट्रकवर ठेवलं डडीनेच, अपघात झाला आणि तो कमरेखाली लुळा पडला. अशा माणसाचे पैसे!

माझं म्हणणं असं की आजोबांची शाबासकी ही डडीची सबब आहे. सुरुवातीचा शाळेचा भाग आठवा. मास्तरांच्या घरी फोन करून छळायचं, आणि त्यांची आजारी बायको फोन घ्यायला उठते ती त्यातच जाते. तेव्हा कुठे होतं तळं? कुठे होती आजोबांची इच्छा? हा मुलगा आधीपासूनच असा होता. आजोबांनी फक्त त्याच्या हावेला एक चांगलं नाव दिलं.

कोरडा_पाषाण

साफ असहमत.

डडी बापाला आईबद्दल काय विचारतो ते तुम्ही वगळलंत. तिला मी आवडायचो का? एवढंच. आणि मॅक्सला धड उत्तर देता येत नाही. आवडायचास की, का नाही आवडणार, अशा थाटात तो विषय उडवून लावतो. माझ्या मते कादंबरीचा कणा इथे आहे, तळ्यापाशी नाही. ज्या घरात कौतुकाचा सगळा साठा थोरल्याच्या नावे लिहून ठेवलाय, तिथे धाकट्याने काय करायचं? लेनी एका भानगडीत अडकून टोरोंटोला पळून जातो तेव्हा त्याला परत आणायला कोण जातं? डडी. निस्तरतं कोण? डडी. आणि एवढं करूनही घरात हुशार कोण, तर लेनी!

निव्वळ हावरट पोरगा भावासाठी एवढी यातायात करत नाही.

तळटीप

काळाचा संदर्भ थोडा देतो, कारण त्यावाचून ‘हाव’ हा आरोप फार स्वस्तात होतो.

रशियन साम्राज्याच्या मोठ्या भागात 1882 च्या कायद्यांनी ज्यूंना खेड्यांत नव्याने राहायला आणि जमीन घ्यायला बंदी घातली होती. त्या जगातून आलेल्या पिढीच्या तोंडी जमिनीचं महत्त्व येतं ते असंच येत नाही. त्यामागे हाकलून दिलं जाण्याची भीती आहे. आणि कॅनडात येऊन तरी काय? डडी अल्पवयीन, शिवाय तिथले फ्रेंच शेतकरी ज्यू मुलाला जमीन विकतीलच असं नाही, म्हणून खरेदीखतं इव्हेत या त्याच्या फ्रेंच-कॅनडियन मैत्रिणीच्या नावाने करावी लागतात. सरळ रस्ता बंद असलेल्या पोराने आडवाट धरली की लगेच त्याचं चारित्र्य काढायचं, हे मला पटत नाही.

जाता जाता: हे पात्र ज्यूंची बदनामी करणारं आहे म्हणून रिचलरवर त्याच्याच समाजातून टीका झाली होती. म्हणजे अबोलीताईंचा राग जुनाच आहे, फक्त कारण वेगळं.

अबोली

@तळटीप, माझा राग ज्यू असण्यावर नाही, तुम्ही ते एका ओळीत चिकटवू नका.

आडवाट धरली म्हणता, पण त्या आडवाटेवर पाय कोणाच्या अंगावर पडले? शाळेत ज्यांनी त्याला हिणवलं त्यांच्या? हॉटेलात वेटर असताना रूलेटच्या जुगारात ज्यांनी त्याची मजा बघितली त्यांच्या? त्यांतल्या कोणाचंही फारसं बिघडत नाही. चिरडला जातो व्हर्जिल, जो डडीपेक्षाही दुबळा आहे. हा मुलगा आपल्यासारख्या फिट येणाऱ्या लोकांसाठी छोटंसं पत्रक काढतो, त्यांनी एकत्र यावं म्हणून धडपडतो. आणि इव्हेत? जमीन तिच्या नावावर, हिशेब तिच्याकडे, प्रेमही तिचंच, पण तिने अडवलं की तीच शत्रू. भेदभाव सोसलेल्या माणसाला दुसऱ्याची वेदना जास्त कळायला हवी, असं मी म्हणणार नाही, तसं होत नाही हे माहीत आहे. पण मग त्याच्या जखमा पुढे करून त्याला सोडूनही देऊ नका.

लेनीचं मान्य. तिथे तो खरंच चांगला वागतो. पण लेनी घरातला आहे. व्हर्जिल घरातला नव्हता, म्हणून तो वापरता आला.

खडूस_वाचक

तुम्ही सगळे डडीला झोडताय नाहीतर कुरवाळताय. आजोबांना कोणीच जाब विचारत नाही!

म्हातारा नातवाच्या कानात मंत्र फुंकतो. नातू वर्षानुवर्षं राबतो, दिवाळखोर होतो, पुन्हा उभा राहतो आणि अखेर सगळ्या घरच्यांना तळ्यावर घेऊन येतो. आजोबा, तुमचा तुकडा निवडा. आजोबा नकार देतात, कारण खोट्या सहीचं इव्हेतकडून कळलेलं असतं. नकार योग्यच, मला मान्य. पण त्याआधी त्यांनी कधी विचारलं होतं का, की एवढे पैसे हा पोरगा आणतो कुठून? फळ हवं, खताचा वास नको. घरातली मोठी माणसं हे नेहमी करतात. ध्येय स्वतः देतात आणि किंमत कळली की हात झटकतात.

वाटसरू

खडूस, सिम्खावर अन्याय होतोय. तो जोडे दुरुस्त करणारा माणूस. मागच्या अंगणातल्या निकस मातीत भाजी लावायचा प्रयत्न करतो. त्याच्या मनातली जमीन ही अशी, हाताला माती लागणारी. डडी पाहतो ते हॉटेल, मुलांचा उन्हाळी कॅम्प, अख्खं गाव. म्हाताऱ्याने एवढं मागितलंच नव्हतं. त्याला न विचारता त्याच्यासाठी साम्राज्य उभारलं आणि तो खूश झाला नाही म्हणून गहिवरायचं, हे काही खरं नाही.

बेंजीकाकांचं पत्र मात्र कोणीच काढलं नाही, नवल आहे. मरताना ते डडीला लिहून ठेवतात की तुझ्यात दोन माणसं आहेत, एक कपटी आणि एक चांगला, आता वयात येतोयस तर त्यांतला एक निवड. ज्या काकांनी आयुष्यभर लेनीला उचलून धरलं त्यांची पहिली खरी आस्था पोहोचते ती ते गेल्यावर. कौतुकाची वेळ चुकली की काय होतं ते यात दिसतं. पण एक लक्षात घ्या, पत्र वाचल्यानंतरही तो व्हर्जिलची सही करतोच. म्हणजे मान्यता मिळाली असती तर सुधारला असता, हा कोरडा_पाषाण यांचा हिशेब तिथे चुकतो.

कोरडा_पाषाण

नाही चुकत. मेलेल्या माणसाची शाबासकी पाठीवर थाप मारत नाही. त्याला ती जिवंत माणसाकडून, चारचौघांत हवी होती.

बरं, शेवट पाहा. आजोबा तोंड फिरवतात, इव्हेत जवळ उभी करत नाही. मग मंडळी खायला जातात, डडीच्या खिशात पैसे नाहीत, आणि तिथला माणूस म्हणतो की हरकत नाही, मांडून ठेवतो. डडीला आनंदाचं भरतं येतं! बॉय वंडरच्या कथा सांगणारा मॅक्स आता तशाच थाटात मुलाच्या कथा सुरू करतो. आयुष्यभर हवा असलेला बाप त्याला त्या टेबलावर मिळतो.

अबोली

हे तर माझ्याच बाजूने गेलं. आजोबांचा नकार पचायला त्याला एक उधारीचं बिल पुरलं. आजोबांसाठीच सगळं केलं असतं तर त्या दिवशी घास उतरला नसता.

तळटीप

1974 च्या सिनेमात रिचर्ड ड्रायफसने डडी इतका लाघवी केलाय की पुष्कळ जण पुस्तकातल्या डडीलाही त्याच चेहऱ्याने माफ करतात. कोरडा_पाषाण, आधी सिनेमा पाहिलात का?

कोरडा_पाषाण

आधी पुस्तक वाचलं, सिनेमा नंतर. आणि अबोलीताई, घास उतरतो कारण त्याला नकाराची सवय आहे. भुकेल्या पोराला आजोबांनी ताट नाकारलं आणि बापाने वाढलं, तर तो बापाचं ताट ओढणारच. मॅक्स नालायक आहे हे तोही जाणतो. व्हर्जिलचं पाप त्याच्या माथी आहेच, ते मी पुसत नाही. माझं म्हणणं एवढंच की आजोबा ही सबब असती, तर नकारानंतर त्याने खांदे उडवले असते. तो चिडतो, समजावू पाहतो, आणि जमत नाही तेव्हा मिळेल त्या टाळीकडे वळतो.

अबोली

समजावू पाहतो, बरोबर. पण आजोबांना. व्हर्जिलला समजवायला जात नाही.