पावसात स्टँपची शाई सुकेना, गणपतीची कार्डं कशी करू?

तेरडा (कुडाळ)

नमस्कार मंडळी. गणपतीला आमच्या मूळ घरी सगळे चाकरमानी येतात, वाडीतली माणसंही दर्शनाला येतात. या वर्षी प्रत्येक घराला खाज्याची छोटी कागदी पुडी आणि सोबत हाताने केलेलं कार्ड द्यायचं, असं मी आणि माझ्या पुतणीने ठरवलंय. विषय माटवीचा घेतलाय, म्हणजे गणपतीच्या वर रानातली फळं-फुलं बांधून टांगतो ती चौकट. माटवीला बांधतो ते कवंडळ, सुपारीचं शिपटं, हरणं, शेरवाड, असं एकेक खोडरबरावर कोरून छापायचं. कोरून झालंय आणि छापही छान उठतोय. पण शाई सुकत नाही. आज छापलेलं उद्या बोटाला लागतं आणि एकावर एक कार्डं ठेवली की वरच्याच्या पाठीला डाग.

शाई साधी, ऑफिसात वापरतात त्या स्टँप पॅडची, जांभळी आणि लाल. कागद एका बाजूने चकचकीत असलेला जाड पांढरा. घरात सादळ तर विचारूच नका. दुसरं म्हणजे कार्ड दुमडलं की घडीवर कागद फुटल्यासारखा दिसतो. आणि काही कार्डं येऊ न शकणाऱ्या नातेवाइकांना पोस्टाने पाठवायची आहेत.

कोकणातल्या पावसात हे काम कुणी करतं का? कसं करता?

खाडीकाठ (हर्णे)

आम्ही नारळी पौर्णिमेच्या राख्यांबरोबर कार्डं करतो, तेव्हाही भर पाऊसच असतो. खोलीत दोरी बांधून कार्डं चिमट्याने टांगायची आणि खाली टेबलफॅन लावून ठेवायचा. घाई असली तर हेअर ड्रायर. पोस्टाचं म्हणशील तर कार्डावर शंख-शिंपले चिकटवू नकोस. पाकीट एका जागी फुगलं की ठशाखाली शिंपला फुटतो आणि कागदही फाटतो. सपाट कार्डच सुखरूप जातं.

सुरंगी (वेंगुर्ला)

तेरडा, मी वेंगुर्ल्यातच शाळेत चित्रकला शिकवली. निवृत्तीनंतरही घरी मुली येतात आणि आम्ही बारा महिने छापकाम करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

तुझ्या छापाला पावसाने त्रास दिलाय, पण मूळ कारण शाई आणि कागदाच्या जोडीत आहे. ऑफिसच्या पॅडची शाई पॅड उघडा राहिला तरी वाळू नये अशीच केलेली असते. तिच्यात ग्लायकॉलसारखा हळू उडणारा द्रव असतो. ती हवेने सुकत नाही, कागदात मुरते. साध्या वहीच्या कागदावर ती लगेच मुरते म्हणून आपल्याला सुकल्यासारखी वाटते. चकचकीत कागदावर लेप असतो, मुरायला जागाच नाही. तिथे पंखा लावा, ड्रायर फिरवा, शाई वरच बसून राहणार. खाडीकाठ यांची दोरी बिनचकचकीत कागदाला उत्तम, पण या कागदावर ती पुरणार नाही.

म्हणून आधी कागद उलटा करून बघ. एका बाजूनेच चकाकी असेल तर खरखरीत बाजूवर छाप. निम्मा प्रश्न तिथेच सुटेल. नवीन आणणार असशील तर २५० ते ३०० जीएसएमचा (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), लेप नसलेला कार्डपेपर माग. पुण्याच्या हातकागदासारखा सुती चिंध्यांचा कागद मला फार आवडतो. तो खरखरीत असल्याने बारीक रेघ तुटते खरी, पण कवंडळासारखं भरीव फळ त्यावर छापलं की फळाची साल दिसते.

शाईत दोन जाती. डाय इंक पातळ, कागदात झटकन शिरते आणि लवकर सुकते. तुझ्या हंगामाला हीच घे. पाणी लागलं तर पसरते, एवढं लक्षात ठेव. पिगमेंट इंक दाट, रंग भरदार, पण पावसाळ्यात तासन्‌तास ओली. तो ओलेपणा मात्र एका ठिकाणी कामाला येतो. छाप ओला असतानाच त्यावर एम्बॉसिंग पावडर शिंपडायची, जास्तीची झटकून परत डबीत भरायची आणि उष्णता द्यायची. पावडर वितळून छापावर चकचकीत उंचवटा येतो आणि थंड झाला की तो हाताला लागत नाही, मग बाहेर कितीही धार लागू दे. मी दर गणपतीला सोनेरी पावडर याच कारणासाठी वापरते. ती सुकण्याची वाट बघत नाही.

उष्णतेसाठी हेअर ड्रायर नको. त्याचा वारा जोराचा आणि उष्णता कमी, पावडर उडून जाते. हीट गन नसेल तर तापलेल्या तव्याच्या बोटभर वर कार्ड उताणं, चिमट्याने धरून फिरवत राहा, टेकवू नकोस. पावडर कणीदार दिसतेय ती एकदम पाण्यासारखी चमकली की लगेच बाजूला घे. पुतणी लहान असेल तर हे काम तू कर.

आणखी एक. सादळलेल्या कागदावर पावडर नको तिथेही चिकटते. छापण्याआधी टाल्कम पावडरची छोटी पुरचुंडी कार्डावरून हलकेच फिरव. कागद कोरडा होतो आणि ठिपके बसत नाहीत.

घडीचं कारण कागदाच्या धाग्यात आहे. गिरणीच्या कागदाचे तंतू एका दिशेला झोपलेले असतात. कागद न मोडता हलकेच दोन्ही बाजूंनी वाकवून बघ, एका बाजूने तो सहज वाकतो. घडी त्याच दिशेने यायला हवी. आडवी घातली की तंतू मोडतात आणि वरचा लेप फुटतो. शिवाय दमट हवेत कागद तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त फुगतो, त्यामुळे चुकीच्या बाजूने कापलेलं कार्ड उभं ठेवलं की कमानीसारखं वाकतं. घडीआधी शाई संपलेल्या बॉलपेनने पट्टीच्या कडेने एक रेघ दाबून ओढ, मग दुमड.

आता पोस्ट. ३०० जीएसएमचा अख्खा ए४ कागद साधारण १९ ग्रॅम भरतो. त्याचा अर्धा घेऊन दुमडलास तर कार्ड साडेनऊ ग्रॅमच्या आत राहतं. साध्या १०० जीएसएमच्या ए४ कागदाचं पाकीट सहा-सव्वासहा ग्रॅम. म्हणजे दोन्ही मिळून २० ग्रॅमच्या पहिल्या टप्प्यात बसतं. वर आणखी एक जाड थर चिकटवलास तर काट्यावर ठेवून बघ.

चिकटवायला फेविकॉल जपून. त्यात पाणी असतं, ते या हवेत लवकर उडत नाही आणि कागद सुरकुततो. थर चिकटवायला दुहेरी टेप घे.

तेरडा (कुडाळ)

बाई, मनापासून आभार. उलट्या बाजूवर आताच छापून बघितलं, शेरवाडाची पांढरी पानं सोडून बाकी सगळं स्वच्छ आलं. ती पांढरी पानं पांढऱ्या कागदावर दाखवायची कशी? आणि पुडीचं काय, खाज्याचा गूळ कागदाला लागून कागद मऊ पडतो. पुतणीला कार्डावर ‘श्री’ पण कोरायचंय, ती आरशात बघून उलटं काढतेय.

माडाखाली (देवगड)

पांढऱ्यासाठी गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर जा. पावसात चिऱ्याच्या गडग्यावर एक नेचा उगवतो, त्याच्या पानाच्या पाठीवर पांढरी भुकटी असते. लहानपणी हातावर दाबून आपण सगळ्यांनी त्याची नक्षी उठवली असेल. तेच पान काळ्या किंवा गडद हिरव्या कार्डपेपरवर पाठीकडून ठेवून वर कागद घालून तळहाताने दाबायचं. बारीक कातरलेली पांढरी डहाळी जशीच्या तशी उमटते. भुकटी बोटाला लागते, म्हणून चित्रांवर मारतात तो फिक्सेटिव्ह स्प्रे लांबून हलकेच मारायचा. एका पानाचा पहिलाच ठसा खरा, दुसऱ्याला नवं पान. मी हे कार्ड दरवर्षी करतो आणि मुंबईचे लोक ते फ्रेम करून लावतात.

सुरंगी (वेंगुर्ला)

माडाखाली यांनी फार सुंदर सांगितलं. शेरवाडासाठी मी रंगीत कागद सुचवणार होते, पण नेचा त्याहून चांगला. तो आपल्या अंगणातला, शिवाय याच दिवसांतला.

सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, रंगवताना पाहिल्या नसतील तर पुतणीला घेऊन जा. दशावताराच्या जोडात १२० पत्ते, दहा अवतारांचे बारा-बारा. ते छापाचे नाहीत, हाताने रंगवलेले आहेत. पण एवढ्याशा गोलात अख्खा देव कसा बसवला आणि कडेला किती जागा मोकळी सोडली, ते तिने नीट बघावं. तुमच्या नक्षीत मला तीच गोष्ट हवीशी वाटते, कारण चार फळं एकाच कार्डावर कोंबली की माटवी दिसत नाही. एका कार्डावर एकच कवंडळ, खाली भरपूर मोकळा कागद.

पुडीच्या आत बटर पेपर घाल. गूळ हवेतलं पाणी ओढून घेतो, तो नुसत्या कागदाला लागू द्यायचा नाही. छाप नेहमी बाहेरच्या बाजूला, कागद सपाट असतानाच, घडी मागाहून. पुड्या गणपतीच्या आदल्या दिवशीच भरा.

कोरलेली खोडरबरं प्लास्टिकच्या डब्यात थेट ठेवू नका, पांढरं व्हिनाइलचं खोडरबर प्लास्टिकला चिकटून वितळल्यासारखं होतं. वहीच्या कागदात गुंडाळून ठेवा. पुसायला फक्त ओलं फडकं, थिनर नाही.

‘श्री’साठी आरसा नको. ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने सरळ अक्षर गडद काढायचं, तो कागद पालथा खोडरबरावर ठेवून नखाने घासायचं. अक्षर आपोआप उलटं उतरतं, आणि छापलं की सरळ येतं. कोरताना कटर अक्षरापासून बाहेरच्या बाजूला तिरका धरायचा, म्हणजे रेघेचा पाया रुंद राहतो आणि दाबल्यावर ती कलत नाही. आणि पुतणीला सांग, दंडा आणि वेलांटी यांच्यामधली चिंचोळी पोकळी सगळ्यात आधी काढायची, आजूबाजूचं खोडरबर अजून घट्ट असताना. शेवटी ठेवली तर वेलांटी तुटते.