नवऱ्याची तमिळ दोघांनी मिळून कशी शिकावी?

अबोली_फुल
नवरा तमिळभाषक, मी मराठी. ओळख झाल्यापासून आपसात हिंदीच बोलतो. सासूबाई माझ्याशी फोनवर कशीबशी हिंदी बोलतात. त्यांचं मनापासून बोलणं, रागावणं, थट्टा, सगळं मला नवऱ्याच्या तोंडून कळतं. ते आता नको झालंय, मला तमिळ शिकायचीच आहे.

अडचण अशी की नवरा घरात ऐकून शिकला, शाळेत तमिळ कधीच नव्हती. बोलतो झकास, पण वाचता येत नाही. 'असं का?' विचारलं की 'असंच म्हणतात' यापुढे गाडी सरकत नाही. मी पुस्तकातलं वाक्य म्हटलं की म्हणतो, असं कुणी बोलत नाही. थोड्या वेळात दोघंही परत हिंदीवर. लिपी शिकायची त्याचीही इच्छा आहे. जोडीने शिकलेल्यांनी सांगा, सुरुवात कुठून करू?

रानवाट
अबोली, माझाही नवरा तमिळ, त्यामुळे कळकळीने लिहितेय. नवऱ्याला मास्तर करू नकोस. मातृभाषा येणं वेगळं आणि ती उलगडून सांगता येणं वेगळं. तुला तरी मराठीतला सामान्यरूपाचा नियम पटकन सांगता येईल का? व्याकरण शिकवणीत किंवा पुस्तकातून शीक, बोलायला तो आहेच.

पुस्तकातल्या वाक्याबद्दल मात्र तो बरोबर सांगतोय. तमिळमध्ये लिहायची आणि बोलायची भाषा यांत बरंच अंतर आहे. 'मी जाते' याला पुस्तकात 'पोगिरेन', घरात 'पोरेन'. 'आहे' याला पुस्तकात 'इरुक्किरदु', घरात नुसतं 'इरुक्कु'. तुला सासूबाईंशी बोलायचंय, तर आधी बोली धर. शिकवणी लावण्यापूर्वी बोली शिकवतात का, हे स्पष्ट विचारून घे. वाक्याचा क्रम आपल्यासारखाच, क्रियापद शेवटी आणि प्रत्यय शब्दाच्या मागे, त्यामुळे मराठी माणसाला वाक्य जुळवणं जड जात नाही.

लिपी मात्र दोघांनी एकत्रच शिका. तिथे तुम्ही दोघंही नवखे, आणि जोडीने शिकण्याची खरी गंमत तिथेच आहे. 12 स्वर, 18 व्यंजनं, म्हणजे देवनागरीपेक्षा अक्षरं कमी. पण क आणि ग यांना एकच अक्षर. शब्दाच्या सुरुवातीला ते क वाचायचं, दोन स्वरांच्या मध्ये आलं की आवाज मऊ होतो. 'कल' म्हणजे दगड, 'पगल' म्हणजे दिवसाची वेळ. दोन्हींत अक्षर तेच. आम्ही वाचायला बसायचो तेव्हा अक्षर आधी मी ओळखायचे आणि 'पकल' वाचायचे. तो क्षणभर थांबून 'अगं, पगल!' म्हणायचा. शब्द त्याच्या कानात लहानपणापासून होता, डोळ्यांना तो पहिल्यांदाच दिसत होता. त्याचा चेहरा असा उजळायचा की मला पुढची ओळ वाचायचा हुरूप यायचा. माझ्याशिवाय त्याचं अडायचं, त्याच्याशिवाय माझं.

हिंदीवर घसरणं एका दिवसात थांबत नाही. सगळा दिवस तमिळ बोलायचा पण करू नका. एखादं काम ठरवा, कपड्यांच्या घड्या घालणं म्हणा, तेवढ्यात फक्त तमिळ. तेच तेच शब्द रोज येतात आणि अंगवळणी पडतात.

दक्षिणवारा
रानवाट यांच्याशी सहमत. एक भर घालतो. माझी बायको कन्नड, मराठी शिकली ती बहुतेक माझं ऐकून, त्यामुळे 'मी आलो', 'मी जातो' म्हणायची. माझ्या बहिणीशी रोज गप्पा सुरू झाल्या तेव्हा 'आले', 'जाते' तोंडी बसलं. तमिळमध्ये 'पोरेन' बाईनेही म्हणायचं आणि पुरुषानेही, तेव्हा तुम्हाला हा त्रास नाही. पण नवरा तुमच्याकडून मराठी शिकणार असेल, तर त्याच्या कानावर पुरुषांचं बोलणंही पडू द्या. आणि त्यानेही शिकावंच, असं माझं ठाम मत आहे.

अबोली_फुल
दोघांचे खूप आभार. रानवाटताई, घड्यांची कल्पना आजच सांगते त्याला. अजून एक विचारू? मी बोलताना तो शब्दाशब्दाला दुरुस्त करतो, आणि माझा मुद्दाच निसटतो. तुम्ही काय केलंत?

रानवाट
त्याला सांग, वाक्य पुरं होऊ दे. मग उत्तर देताना त्याने तोच शब्द बरोबर रूपात सहज वापरायचा, चूक वेगळी दाखवायची नाही. तू पुढच्या वाक्यात तो उचलतेसच. फक्त अर्थाचा अनर्थ होत असेल तर लगेच थांबवायचं. आणि सासूबाईंना फोनवर आधीच सांगून ठेव की मी अडखळले तरी हिंदीवर येऊ नका, थोडं थांबा. माझ्या सासूबाई थांबायच्या; माझी तमिळ सुधारली त्यात त्यांचा वाटा नवऱ्यापेक्षा मोठा आहे.